एक डॉलरची नोट आणि टेनिसच्या संपादकबाई

मुलांनो, आज तुम्हाला एका फोटोची गोष्ट सांगायची आहे. फोटो साधाच आहे, काळापांढरा. त्यात नऊ बायका आहेत. सगळ्या हसताहेत आणि हातात एकेक डॉलरची नोट धरून ती आपल्याला दाखवताहेत. जत्रेत पहिलं बक्षीस लागल्यासारखा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आहे. एका डॉलरचं इतकं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाही अमेरिकेत एका डॉलरमध्ये धड दोन वेळचं जेवण येत नसे.

टेनिसच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, हा फोटो त्यात असतो. तो २३ सप्टेंबर १९७० रोजी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात काढला. त्यातल्या खेळाडूंना पुढे 'ओरिजिनल नाइन', म्हणजे पहिल्या नऊजणी, असं नाव पडलं. पण गंमत अशी, की फोटोतल्या त्या नऊजणी आणि या नऊजणी एकच नाहीत! फोटोत खेळाडू आहेत आठच. नववी बाई खेळाडू नव्हती. ती होती एका मासिकाची संपादक. आणि खरी नववी खेळाडू त्या फोटोत नाहीच. ती कुठे होती, ते पुढे सांगते. आधी या संपादकबाईंना भेटू या.

त्यांचं नाव ग्लॅडिस हेल्डमन. जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्कचा. वडील नामांकित वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. घरात पुस्तकं भरपूर, वादविवाद भरपूर. टेनिसचा मात्र पत्ता नव्हता. ग्लॅडिसबाई अभ्यासात हुशार. स्टॅनफर्ड विद्यापीठातून पदवी घेतली, मग मध्ययुगाचा इतिहास शिकल्या. तोवर त्यांनी रॅकेट हातात धरली नव्हती. तुमच्यापैकी काहीजण सहाव्या-सातव्या वर्षी खेळायला लागले असतील, म्हणून हे मुद्दाम सांगते.

१९४२ मध्ये त्यांचं लग्न ज्युलियस हेल्डमन यांच्याशी झालं. हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ होते, पण त्याआधी, १९३६ साली, ते अमेरिकेचे ज्युनियर टेनिस विजेते होते. सुट्टीचा दिवस आला की नवरोबा कोर्टवर! कॅरी आणि ज्यूली या दोन मुली झाल्यानंतर मात्र ग्लॅडिसबाईंनी ठरवलं, आता आपणही शिकायचं. आणि एकदा ठरवलं की त्या सोडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. पुढे कुटुंब टेक्सास राज्यात राहायला गेलं आणि काही वर्षांतच त्या टेक्सासच्या बायकांमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचल्या. १९५४ साली तर थेट विंबल्डनला खेळून आल्या. तिथे पहिल्याच सामन्यात हरल्या, आणि ते साहजिकच होतं. पण तोवर त्यांच्या डोक्यात दुसरंच काही तरी शिरलेलं होतं.

टेक्सासमध्ये असतानाच त्यांनी टेनिसच्या बातम्यांचं एक छोटंसं पत्रक काढायला सुरुवात केली होती. त्यातूनच १९५३ मध्ये 'वर्ल्ड टेनिस' नावाचं मासिक उभं राहिलं. आता नाव 'वर्ल्ड', म्हणजे जगाचं, पण सुरुवातीचा कारभार बघाल तर हसू येईल. संपादक कोण? ग्लॅडिसबाई. जाहिराती कोण मिळवणार? ग्लॅडिसबाई. पानांची मांडणी, छपाईची धावपळ, वर्गणीदारांचा हिशेब? त्याच. आपल्या शाळेचं हस्तलिखित काढताना तुमच्यातला एखादाच जण राबतो आणि बाकीचे नुसती नावं देतात ना, तसंच थोडंसं. फक्त इथे नाव देणारेही फारसे कुणी नव्हते.

त्या मासिकात असायचं काय? १९५३ साल डोळ्यांसमोर आणा. सामने घरबसल्या बघण्याची सोय जवळपास नाहीच. वर्तमानपत्रं फार तर मोठ्या स्पर्धेचा निकाल दोन ओळींत छापणार. रोममध्ये कोण हरलं, ऑस्ट्रेलियात कुठला नवा पोरगा चमकतोय, हे अमेरिकेतल्या खेळाडूला कळायचं कसं? 'वर्ल्ड टेनिस'मध्ये ते सगळं मिळे. देशोदेशीचे निकाल, क्रमवारी, फोटो, खेळाडूंच्या गमतीजमती. लिहिणारे बरेचसे खेळाडूच. नवरोबांनाही त्यांनी कामाला लावलं. ज्युलियस हे शास्त्रज्ञ, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या पदार्थाचं पृथक्करण करावं तसं ते मोठमोठ्या खेळाडूंच्या फटक्यांचं करत. कुणाचं मनगट कसं वळतं, कुणाचा पाय कुठे पडतो, यावर त्यांची लेखमालाच होती. ग्लॅडिसबाई स्वतः खुसखुशीत लिहीत आणि वेळ आली की झोंबेल असंही लिहीत. टेनिस संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना दर महिन्याचा अंक उघडताना धाकधूक होत असेल, असं मला वाटतं.

इथे जरा थांबून त्या काळच्या टेनिसविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड समजायची नाही. १९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. हौशी म्हणजे बक्षिसाचे पैसे न घेणारे. करंडक घ्या, टाळ्या घ्या आणि घरी जा. पैसे घेऊन खेळणारा तो व्यावसायिक. त्याला या स्पर्धांची दारं बंद. प्रत्यक्षात चांगल्या हौशी खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली गुपचूप पाकिटं मिळत. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणीच बोलायचं नाही!

ग्लॅडिसबाईंना नुसतं बोलून भागत नसे. १९६२ सालची गोष्ट. न्यूयॉर्कजवळ फॉरेस्ट हिल्स इथे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा होत असे. परदेशी खेळाडू यायचे कमी झाले होते, कारण विमानाचं भाडं परवडायचं नाही. स्पर्धेची रया जात चालली होती. दुसरा एखादा पत्रकार यावर कडक अग्रलेख लिहून मोकळा झाला असता. ग्लॅडिसबाईंनी ओळखीच्या लोकांकडून पैसे गोळा केले आणि आख्खं विमानच भाड्याने घेतलं. ८५ परदेशी खेळाडू अमेरिकेत आले! ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने त्याच वर्षी त्याच मैदानावर चौथी मोठी स्पर्धा जिंकून एका वर्षात चारही जिंकण्याचा, म्हणजे ग्रँड स्लॅमचा, पराक्रम केला. त्या वर्षी फॉरेस्ट हिल्सला जान आली होती.

आता तुम्हाला एक प्रश्न. पत्रकाराने असं करावं का? शिक्षक परीक्षा घेतो, तो पेपर सोडवायला बसत नाही. बातमीदाराचं काम बघायचं आणि खरं लिहायचं. तो स्वतःच मैदानात उतरला, तर त्याच्या लिहिण्यावर भरवसा कसा ठेवायचा? प्रश्न खरा आहे आणि घरी आईबाबांशी यावर जरूर वाद घाला. ग्लॅडिसबाईंनी मात्र तो फारसा मनावर घेतला नाही. त्यांचं मासिक खेळाडूंच्या बाजूचं होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

१९६८ मध्ये अखेर हौशी आणि व्यावसायिक हा भेद मोठ्या स्पर्धांनी काढून टाकला. सगळ्यांना खेळायची मोकळीक मिळाली आणि उघडपणे बक्षिसाची रक्कम मिळू लागली. झालं, सगळे खूश! नाही हो. त्या वर्षी विंबल्डनचा पुरुष विजेता होता रॉड लेव्हर. त्याला २००० पौंड मिळाले. महिला विजेती बिली जीन किंग. तिला किती? ७५० पौंड. तेच गवत, तीच जाळी, तोच चेंडू.

दोन वर्षांत हे अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं. १९७० मध्ये इटलीची स्पर्धा जिंकणाऱ्या इली नास्तासेला ३५०० डॉलर आणि बिली जीनला ६०० डॉलर. त्याच वर्षी मार्गारेट कोर्टने महिलांच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. शेवटची फॉरेस्ट हिल्सची. वर्षभरात चारही स्पर्धा जिंकणाऱ्या या बाईला तिथे ७५०० डॉलर मिळाले आणि पुरुषांच्या विजेत्याला, केन रोझवॉलला, २०,००० डॉलर.

त्याच फॉरेस्ट हिल्सला खेळाडू मुलींच्या हातात पुढच्या स्पर्धेचं माहितीपत्रक पडलं. लॉस एंजलिसची पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धा. पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, महिला विजेतीला १५००. करा भागाकार! आठपटीहून जास्त फरक. शिवाय शेवटच्या आठांत पोचली नाही, तर त्या मुलीला एक पैही नाही. मुली चिडल्या. बिली जीन, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची अशा काहीजणी तडक ग्लॅडिसबाईंकडे गेल्या. म्हणाल्या, तुम्हीच काहीतरी करा.

त्यांच्याकडेच का? कारण टेनिसमधला प्रत्येक माणूस त्यांना ओळखत होता. सतरा वर्षं मासिक चालवल्यावर संघटनेचे अध्यक्ष, क्लबांचे चिटणीस, जाहिराती देणारे उद्योगपती, सगळे त्यांच्या फोनवर होते. पत्रकाराची खरी मिळकत हीच असते.

ग्लॅडिसबाई आधी लॉस एंजलिसच्या स्पर्धेचे प्रमुख जॅक क्रेमर यांच्याशी बोलल्या. क्रेमर म्हणजे ऐरेगैरे नव्हेत, ते १९४७ चे विंबल्डन विजेते. महिलांची रक्कम जरा वाढवा, एवढंच मागणं होतं. क्रेमर काही बधले नाहीत. ठीक आहे, मग आम्ही आमची स्पर्धा घेतो, असं ठरलं. जागा ह्यूस्टनचा रॅकेट क्लब. तारखा? नेमक्या लॉस एंजलिसच्या स्पर्धेच्याच आठवड्यातल्या! बक्षिसांची एकूण रक्कम ७५०० डॉलर. त्यातले २५०० ग्लॅडिसबाईंनी आपले मित्र जोसेफ कलमन यांच्याकडून मिळवले.

हे कलमन फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीचे प्रमुख. कंपनीने बायकांसाठी 'व्हर्जिनिया स्लिम्स' नावाची सिगारेट नुकतीच बाजारात आणली होती, आणि अमेरिकेत जानेवारी १९७१ पासून टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी येणार होती. जाहिरातीचा पैसा कुठे तरी खर्च व्हायचाच होता, तो टेनिसकडे वळला. हे लिहिताना मला अवघडल्यासारखं होतं. मुलींच्या हक्काची लढाई आणि तिला पैसा सिगारेटचा! बिडी-सिगारेटने छातीची काय चाळण होते ते तुम्ही पुस्तकात शिकता आणि काहीजण घरातही बघता. त्या खेळाडूंना तेव्हा दुसरं कुणी पैसे देत नव्हतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

स्पर्धा जाहीर झाली आणि अमेरिकेची टेनिस संघटना खवळली. परवानगी मिळणार नाही, म्हणाली. खेळाल तर निलंबित करू. मोठ्या स्पर्धा बंद, देशाच्या संघात जागा बंद. ही पोकळ धमकी नव्हती. यातल्या बहुतेक विशी-पंचविशीतल्या मुली. ज्यूडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल तर ऑस्ट्रेलियाहून आलेल्या. तिकडची संघटना काय करील, ही त्यांची वेगळी काळजी. आयुष्यभर जे शिकलो ते एका सहीने हातचं जाणार, अशी वेळ होती. काहीजणींनी माघार घेतली. त्यांना भित्र्या म्हणू नका. अशी सही करायची आपल्यावर कधी वेळ आलेली नाही.

शिवाय ज्या क्लबच्या मैदानावर खेळायचं, त्या क्लबवरही गदा येण्याची भीती होती. यावर एक तोड निघाली. खेळाडूंनी क्लबशी नव्हे, 'वर्ल्ड टेनिस' मासिकाशी करार करायचा. आठवडाभरासाठी त्या मासिकाच्या पगारी व्यावसायिक खेळाडू. पगार किती? एक डॉलर. संघटनेच्या नियमांच्या जाळीतून चेंडू अलगद पलीकडे!

आता कळलं ना, त्या फोटोतल्या नोटा कसल्या? बिली जीन किंग, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची, ज्यूडी डाल्टन, केरी मेलव्हिल, क्रिस्टी पिजन, पीचेस बार्टकोविच आणि व्हॅलेरी झीगेनफस. मोजा. आठ. आणि त्यांच्या रांगेत, त्यांच्यासारखीच नोट उंचावून, अठ्ठेचाळीस वर्षांच्या ग्लॅडिसबाई.

मग नववी कोण? नववी ज्यूली हेल्डमन. होय, ग्लॅडिसबाईंची धाकटी मुलगी. आई संपादक म्हणून मुलगी खेळाडू झाली, असा वशिल्याचा मामला नव्हता. ज्यूली अव्वल खेळाडू होती. १९६९ मध्ये तिने इटलीची स्पर्धा जिंकली होती आणि त्या वर्षी जगात पाचव्या क्रमांकावर तिची गणना झाली होती. ह्यूस्टनला मात्र ती दुखापतीमुळे खेळू शकत नव्हती. फोटो काढला तेव्हा ती तिथे नव्हती. पण मैत्रिणी एवढा धोका पत्करताहेत आणि आपण घरी बसायचं, हे तिला पटेना. तिनेही एक डॉलर घेऊन सही केली. बिली जीनबरोबर कोर्टवर उतरली आणि एक गुण खेळली. फक्त एक गुण! तेवढ्याने तीही निलंबनाची धनी झाली आणि आठाच्या नऊ झाल्या.

स्पर्धा रोझी कॅसल्सने जिंकली. अंतिम सामन्यात तिने ज्यूडी डाल्टनला ५-७, ६-१, ७-५ असं हरवलं आणि १६०० डॉलर मिळवले. लॉस एंजलिसला जिंकली असती तर १५०० मिळाले असते!

पुढचं वर्ष पळापळीचं गेलं. १९७१ मध्ये महिलांच्या १९ स्पर्धा झाल्या, एकूण बक्षिसं ३,०९,१०० डॉलर. स्पर्धा ठरवणं, क्लब शोधणं, पैसा उभा करणं, सगळ्याच्या मध्यभागी ग्लॅडिसबाई आणि त्यांचं मासिक. खेळाडू गावोगाव हिंडत, रस्त्यावर थांबून लोकांना तिकिटं देत, रेडिओवर मुलाखती देत. त्या वर्षी बिली जीन किंगने एका वर्षात एक लाख डॉलरच्या वर कमाई केली. असं करणारी ती पहिली महिला खेळाडू.

ग्लॅडिसबाईंच्या वाट्याला काय आलं? १९७२ मध्ये त्यांनी मासिक विकलं. १९७३ च्या सुरुवातीला संघटनेशी त्यांचा वाद न्यायालयात गेला आणि तिथे निकाल त्यांच्या बाजूने लागला नाही. पुढे महिलांच्या स्पर्धांची आणि संघटनेची दिलजमाई झाली, पण तिची एक किंमत होती. कारभारातून ग्लॅडिसबाईंनी बाजूला व्हायचं. ज्यांनी घर बांधलं, त्यांनाच उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं. त्याच वर्षी लंडनमध्ये महिला टेनिसपटूंची स्वतःची संघटना स्थापन झाली आणि अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेने पुरुष-महिलांना सारखी रक्कम द्यायला सुरुवात केली, २५,००० डॉलर. विंबल्डनला तिथवर यायला २००७ साल उजाडलं.

पालकांनी वाचावं असं एक इथे सांगते. मुलांनीही वाचलं तरी चालेल. २०१८ मध्ये ज्यूलीने आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. त्यातली आई फोटोतल्यासारखी हसरी नाही. घरात ती फार कठोर होती, बोलणं जिव्हारी लागणारं, आणि कौतुकाचा शब्द मुलींना मिळत नसे, असं ज्यूलीने लिहिलं आहे. जगातल्या इतक्या खेळाडूंसाठी झटणारी बाई आपल्या लेकीच्या पाठीवरून हात फिरवायला कमी पडली. हे मला आधी ठाऊक नव्हतं. कळल्यावर वाटलं, हा लेख लिहूच नये. मग वाटलं, तुम्ही इतके लहान नाही. थोर माणसाची गोष्ट सांगायची तर त्याच्या घराचं दार लावून घेऊन सांगणं बरोबर नाही. ज्यूलीने मात्र आईने टेनिससाठी केलेलं काम कधी नाकारलं नाही, उलट ते लोकांना कळावं म्हणून ती बोलत, लिहीत राहिली. तीही पुढे काही वर्षं टेनिसवर लिहीत होती, टीव्हीवर सामन्यांचं वर्णन करत होती. आईच्याच धंद्यात म्हणा ना!

अमेरिकेत न्यूपोर्ट इथे टेनिसचं हॉल ऑफ फेम आहे, थोर टेनिसपटूंच्या स्मृती जपणारं संग्रहालय. १९७९ मध्ये ग्लॅडिसबाईंना तिथे मानाचं स्थान मिळालं, मोठी स्पर्धा एकही न जिंकता. २००३ मध्ये त्या वारल्या. मग २०२१ मध्ये त्याच ठिकाणी एक समारंभ झाला. एका खेळाडूऐवजी आख्ख्या गटाला तो मान देण्याची ती पहिलीच वेळ होती. हा गट म्हणजे त्या नऊजणी. फोटोत नसलेल्या ज्यूलीचं नाव त्यांत होतं. ती तेव्हा ७५ वर्षांची होती.